जुना पलंग कुणाला द्यायचा?

घर बदलताना पहिला प्रश्न असतो, टेम्पो किती वाजता येणार? आणि शेवटचा प्रश्न असतो, टेम्पोत जे मावणार नाही त्याचे करायचे काय? मोडक्या पायाचा पलंग, फुगलेल्या फळ्यांचे कपाट, तडकलेली खुर्ची, दबलेली गादी. या शेवटच्या प्रश्नाचे आपल्याकडे एक तयार उत्तर आहे, "कुणातरी गरिबाला देऊन टाका." उत्तर मोठे दयाळू वाटते. देणाऱ्याचे घर रिकामे होते, मन हलके होते आणि वस्तू वाया गेली नाही याचे समाधानही मिळते.

आमचा या उत्तराला विरोध आहे. वस्तू वाया जाऊ नयेत असे आम्हालाही वाटते, किंबहुना म्हणूनच विरोध आहे. घर बदलताना होणारा सामानाचा कचरा कमी कसा करायचा, हा आता शहरांपुरता प्रश्न राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावात आणि वस्तीतही आला आहे. पण या देशात कचऱ्याचा प्रश्न जातीच्या प्रश्नाला वळसा घालून सुटत नाही. नको झालेली वस्तू कुणाच्या दारात जायची आणि ती उचलायची कुणी, हे इथे फार पूर्वीच ठरवून ठेवलेले आहे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, बीड जिल्ह्यातले. नोकरीतल्या बदल्या आणि घरमालकांची मर्जी, या दोन कारणांनी सोळा वर्षांत गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई आणि बीड अशा चार ठिकाणी मिळून सहा भाड्याची घरे पाहिली. यंदाच्या मे महिन्यात बीडमध्येच आमच्या स्वतःच्या दोन खोल्यांत आलो. संसार बांधायचा आणि सोडायचा, यात आता आमचा हात बसला आहे. त्या अनुभवाच्या आधारावर हे लिहीत आहोत.

मनूची यादी

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात १२५ वा श्लोक आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे, याची त्यात यादी दिली आहे. उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातला फोलपट भाग आणि चौथी गोष्ट म्हणजे घरातले जीर्ण झालेले सामानसुमान. त्याच अध्यायात थोडे आधी चांडाळांविषयी सांगितले आहे. त्यांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे. म्हणजे जुन्या सामानाची विल्हेवाट कशी लावावी याचा नियम या देशात नगरपालिका जन्माला येण्याच्या कितीतरी आधी लिहिला गेला होता. वरच्याने वापरायचे, खालच्याने उरलेले घ्यायचे आणि उपकार मानायचे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. त्या आगीत हा श्लोकही होता. सत्याग्रहाच्या त्याच दिवसांत त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, तुमच्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते बदला. आमच्या आज्यांनी ते ऐकले. प्रेतावरचे वस्त्र घेणे बंद झाले, मेलेले जनावर ओढणे बंद झाले, दारोदार शिळी भाकरी मागणे बंद झाले. हे सोडताना आपल्या माणसांनी उपास काढले, बहिष्कार सोसले. ते 'फुकटचे' सोडत होते म्हणून नव्हे, तर त्या फुकटाची किंमत माणूसपणाने चुकवावी लागत होती म्हणून.

आणि आज? अन्न गेले, वस्त्र गेले, पण यादीतली चौथी गोष्ट अजून चालू आहे. सोसायटीतले बिऱ्हाड हलले की मोडका पलंग घंटागाडीवरच्या कामगाराच्या गळ्यात पडतो. फाटकी गादी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या डोक्यावर चढते. नाही म्हणण्याची तिला सोय नसते, कारण उद्या त्याच दारात कामाला यायचे असते. आमच्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीवरचा एक कामगार बोलता बोलता जे म्हणाला, त्याच्यापुढे आमचा सगळा युक्तिवाद फिका आहे. तो म्हणाला, "लोक मोडकी खुर्ची देतेत दादा, पण तिच्यावर बसा कुणी म्हणत न्हाई."

लाकूड लाकडाच्या जागी

आमच्या घरात एक सागवानी पलंग आहे. त्याची गोष्ट सांगतो, कारण आमचे म्हणणे त्या पलंगात आहे.

मराठवाड्यातली जुनी वाड्यांची घरे माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि मातीचा जाड थर. पुढे स्लॅब आले आणि माळवदे उतरवली जाऊ लागली. आमचे वडील, म्हणजे एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, अशाच एका वाड्याचे माळवद उतरवायला मजुरीने गेले होते. काम संपल्यावर मालक म्हणाले, "पैसे कशाला मागतोस? त्या दोन तुळया पडल्यात, जा घेऊन." वडिलांनी हात जोडले नाहीत. ते म्हणाले, "मजुरी मजुरीच्या जागी, लाकूड लाकडाच्या जागी. आधी मजुरी द्या, मग तुळयांचा भाव सांगा." भाव ठरला. मजुरीतले निम्मे पैसे परत मालकाच्या हातावर ठेवून त्यांनी त्या तुळया बैलगाडीत घालून आणल्या. गावातल्या सुताराने त्यांचा पलंग केला. सांधे खुंटीचे, खिळा एकही नाही.

तो पलंग आज चाळीस वर्षांचा आहे. सहाही घरांत तो आमच्याबरोबर आला. खुंट्या ठोकून काढल्या की त्याचे सहा तुकडे होतात, गोधडीत गुंडाळून टेम्पोच्या कडेला उभे राहतात आणि नव्या घरी अर्ध्या तासात पुन्हा पलंग होतो. वाड्याच्या छतातले लाकूड वाया गेले नाही, हा झाला कचरा वाचण्याचा भाग. आणि ते लाकूड आमच्या घरात बक्षीस म्हणून नव्हे, तर खरेदी म्हणून आले, हा झाला स्वाभिमानाचा भाग. दोन्ही एकाच वेळी साधता येतात, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

भुशाचे फर्निचर

आता आजच्या बाजाराकडे बघा. दुकानात चकचकीत कपाटे, पलंग, टीव्हीचे स्टँड मांडलेले असतात. वरून सनमायकासारखा कागद, आत लाकडाचा भुसा डिंकात घट्ट दाबून केलेली फळी. तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. दुकानदार 'लाकडाचेच आहे' म्हणतो आणि तो अगदीच खोटे बोलतो असेही नाही. पण या फळीचे दोन दोष घर बदलतानाच कळतात. एक म्हणजे पाणी लागले की ती पावासारखी फुगते आणि पुन्हा बसत नाही. दुसरा दोष म्हणजे एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही, भुसा सुटतो. म्हणजे हे फर्निचर एकाच घरात, एकाच भिंतीला, कधीही न हलणाऱ्या माणसासाठी केलेले आहे. भाडेकरूसाठी नाही.

अंबाजोगाईहून बीडला येताना आमचे असे एक कपाट होते. खोलले तर बिजागऱ्यांसकट तुकडे पडले. सुताराला दाखवले. तो म्हणाला, "याला रंधा लागत नाही, खिळा धरत नाही, मी काय करू?" भंगारवाल्याने आरसा आणि कड्या काढून घेतल्या आणि फळ्या तिथेच ठेवल्या. लोखंडाला भाव आहे, प्लॅस्टिकला भाव आहे, कागदाला आहे, भुशाच्या फळीला नाही.

मग ती फळी जाते कुठे? गावाबाहेरच्या खड्ड्यात, नाल्यात, नदीच्या पात्रात आणि शेवटी काडी लावून धुरात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा टाकायला आणि जाळायला मनाई केली. तरी धूर दिसतोच. या फळ्यांच्या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड हे रसायन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. आणि कचऱ्याच्या त्या धुरात उभे कोण असते? कचरा वेचणाऱ्या बाया, त्यांची पोरे, सफाई कामगार आणि खड्ड्याशेजारची वस्ती. ती वस्ती कुणाची, हे बीडमध्ये काय किंवा कुठे काय, सांगावे लागत नाही. फर्निचर एकाचे, धूर दुसऱ्याचा.

घर बदलायला लावतो कोण?

कचरा कमी करायचे उपाय सांगणारे लेख आम्ही बरेच वाचले. तीन महिने आधी यादी करा, नव्या घराची मापे घ्या, नको ते विका. उपाय चांगले आहेत. पण ते ज्याला तीन महिने आधी कळते त्याच्यासाठी आहेत.

आमच्यासारख्यांना घर दाखवताना आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, गावावरून कळले नाही तर कुलदैवत. एवढ्यातून पार पडून घर मिळाले आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली, की दोन-तीन महिन्यांत घरमालकाच्या पुतण्याचे लग्न निघते आणि खोली तातडीने रिकामी हवी असते. एका घरात आम्हाला आठ दिवसांची मुदत मिळाली, तीही ऐन पावसात. आठ दिवसांत नवे घर मिळेना. सामान तीन नातेवाइकांकडे वाटून ठेवले. लोखंडी कॉट ठेवायला कुणाकडे जागा नव्हती, ती किलोच्या भावाने भंगारात गेली. चांगली कॉट होती. तिचा कचरा आम्ही केला नाही, तो आमच्याकडून करवून घेतला गेला.

हा अनुभव आमचा एकट्याचा नाही आणि नवाही नाही. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेले. परदेशातून शिकून आलेला तो माणूस बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

दिल्लीचे २६, अलीपूर रोड हे घरही बाबासाहेबांच्या मालकीचे नव्हते. १९५१ साली मंत्रिपद सोडल्यावर ते तिथे राहायला गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे काही वर्षांनी ते घर रिकामे करवून घेतले गेले, तेव्हा त्यांचे कागदपत्र बाहेर उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. जे वाचले त्यातून आणि इतर साहित्यातून महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे. घर रिकामे करणाऱ्याला जी अडगळ वाटते, ती एका समाजाची ठेव असू शकते. आणि १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा कित्येकांचा संसार हलवायलाही शिल्लक राहिला नाही. म्हणून आपल्या घरातली म्हातारी माणसे पत्र्याची जुनी पेटी टाकू देत नाहीत. त्याला कंजूषपणा म्हणू नका.

तेव्हा सामानाचा कचरा कमी करण्याचा पहिला उपाय सुताराकडे नाही, भाडेकरारात आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असे म्हटले आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. आपल्याकडे बरेच जण तोंडी व्यवहारावर राहतात आणि तोंडी शब्दावरच बाहेर पडतात. करार मागा. त्यात घर सोडण्याची मुदत लिहून घ्या. ज्याला दोन महिने आधी कळते, तो कॉट विकतो; ज्याला आठ दिवस आधी कळते, तो ती टाकतो.

कोपीतला संसार आणि लग्नातला संसार

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे टोळ्या निघतात. आमच्या भावकीतली कितीतरी घरे दर वर्षी अशी उठतात. एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीचा, सहा महिन्यांचा संसार पाहा. ज्वारी-बाजरीची पोती, जर्मनची भांडी, हंडा, तवा, दोन-तीन वाकळा, ताडपत्री, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, चार कोंबड्या आणि पोरे. कारखान्याच्या तळावर बांबू, चटई आणि पाचटाची कोपी उभी राहते. पट्टा पडला की कोपी मोडते आणि तोच संसार पुन्हा गाडीत चढतो. मागे कचरा म्हणावा असे काही राहत नाही.

याचे कौतुक करून थांबणे हा मात्र लबाडपणा होईल. 'बघा, गरीब माणूस किती कमी वस्तूंत सुखी असतो' असे लिहिणारे आम्हाला भेटले आहेत. ऊसतोड बाई कमी सामानात राहते, कारण मुकादमाच्या गाडीत जागा तेवढीच असते आणि अंगावर उचल असते. ती तिची निवड नाही. तिला पक्के घर, न्हाणीघर, टेबल-खुर्चीवर बसून अभ्यास करणारी पोरगी, हे सगळे हवे आहे आणि तो तिचा हक्क आहे. कमी वस्तूंचा उपदेश ज्यांच्या घरात चार सोफे आहेत त्यांना करा.

आणि याच घरांत एक दुसरा संसार येतो, लग्नातला. मुलीच्या लग्नात पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा असा सेट द्यावा लागतो. लग्न बौद्ध पद्धतीने लागते, मंगल परिणय साधेपणाने होतो, आणि मंडपाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भुशाच्या फळ्यांचा सेट उभा असतो. पाहुण्यांनी बघावा म्हणून. त्यासाठी बाप मुकादमाकडून जास्तीची उचल घेतो. मग ती फेडायला मुलगी आणि जावईही कोयता घेऊन जातात. सहा महिने घर बंद, आत उंदीर आणि वाळवी. पावसाळ्यात पत्र्यातून गळती. दोन वर्षांत सेट फुगतो, पाच वर्षांत सरपणात जातो. उचल मात्र फिटलेली नसते.

आमच्या मते बीड जिल्ह्यात सामानाचा सगळ्यात निरर्थक कचरा हा आहे आणि तो घर बदलताना नव्हे, लग्नात जन्माला येतो. नवरा मुलगा 'मला काही नको' म्हणतो तेव्हा ते पुरेसे नाही. 'सेट घेऊन आलात तर परत पाठवू' असे त्याने साखरपुड्यालाच म्हटले पाहिजे. द्यायचेच असेल तर मुलीच्या नावाने पैसे ठेवा. पैसे फुगत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही आणि घर बदलताना ते टेम्पोत घालावे लागत नाहीत.

आनंदाचे उत्तर

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भिक्खू आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा करणार काय, दुकान मांडणार का? त्याने आनंदालाच विचारले. आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग त्या जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरी. त्यांचे पायपुसणे, पायपुसण्यांची झाडणी. आणि तीही जीर्ण झाली की तिचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवू. राजाला ते इतके पटले की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग मनूच्या श्लोकाशेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे जुन्या वस्तूचीच चर्चा आहे. पण मनूकडे वस्तू माणसांच्या उतरंडीवरून खाली येते, एकाचे जुने दुसऱ्याच्या पदरात. आनंदाकडे वस्तूचा उपयोग खाली उतरतो, माणूस कुणीच खाली उतरत नाही. नवे चीवर ज्या संघाचे, त्याच संघाचे पायपुसणे. आपल्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ याच परंपरेतली आहे. लुगडे तिचे, वाकळही तिच्याच घरातली. कचरा कमी करण्याचा बुद्धाचा मार्ग आणि मनूचा मार्ग यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आम्ही काय केले

आता या मेमधला हिशेब. सामान बांधायच्या महिनाभर आधी आम्ही प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला, ही वस्तू आम्ही आमच्या सख्ख्या बहिणीला देऊ शकतो का? उत्तर 'हो' असेल तर ती विकण्याजोगी किंवा देण्याजोगी. उत्तर 'नाही' असेल तर ती कुणालाच द्यायची नाही. आधी दुरुस्त करायची, दुरुस्त होत नसेल तर सुटी करून ज्या त्या भंगारात घालायची.

कापसाच्या तीन गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून घेतल्या. दबलेला कापूस पुन्हा फुलतो, खोळ तेवढी नवी लागते. फोमची गादी असती तर हे झाले नसते, म्हणून नवी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. बाजेची नवार सैल झाली होती, ती ओढून पुन्हा विणली. लोखंडी रॅकचे नटबोल्ट काढून पिशवीत घातले आणि पिशवी रॅकलाच बांधली. पुस्तकांची चार कपाटे दारांच्या मापाने आधीच मोजली होती, चौथे नव्या घराच्या जिन्यातून वळणार नव्हते. ते वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला दिले, कड्या बसवून आणि रंग देऊन. अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांनी आधी येऊन ते पाहिले आणि वाळवी नाही याची खात्री करून मगच घेतले. याला दान म्हणायला आमची हरकत नाही. घेणाऱ्याला तपासायचा आणि नाकारायचा हक्क असेल तर ते दान. नसेल तर ते घर झाडणे.

उरलेल्या वस्तूंसाठी आम्ही आणि वस्तीतल्या आणखी सहा घरांनी मिळून एका रविवारी विहाराच्या आवारात बाजार मांडला. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, आणि दोष असेल तर तोही चिठ्ठीवर लिहिलेला. आमच्या टेबलाची किंमत दोनशे लावली होती. नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीने ते हाताने हलवून पाहिले आणि म्हणाली, "एक पाय डुगडुगतोय, दीडशे देते." दीडशेला सौदा झाला. तिच्या चेहऱ्यावर उपकाराचे ओझे नव्हते, उलट पन्नास रुपये वाचवल्याचा आनंद होता. घंटागाडीवरचे कामगारही आले होते, गिऱ्हाईक म्हणून. त्यांना आम्ही बसायला खुर्च्या दिल्या. विकायच्या नव्हे, बसायच्या.

काही जण म्हणतील, गरिबाकडून दीडशे रुपये घेणे यात कसला आंबेडकरवाद? फुकट दिले असते तर तिचे दीडशे वाचले असते. प्रश्न खरा आहे आणि तो टाळायचा नाही. ज्याच्याकडे दीडशेही नाहीत त्याला दहा रुपयांत द्या, पुढच्या महिन्यात देण्याच्या बोलीवर द्या, नाहीतर अभ्यासिकेसारख्या सगळ्यांच्या जागेत ठेवा. मुद्दा रकमेचा नाही. मुद्दा असा की ज्याने किंमत दिली त्याला वस्तू उलटीपालटी करून बघता येते, घासाघीस करता येते, 'नको' म्हणून निघून जाता येते. फुकट घेणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही आणि म्हणूनच त्याच्या गळ्यात कचरा बांधता येतो. नकाराचा हक्क दिला की देणारा आपोआप चांगली वस्तू आणतो. कचरा तिथेच कमी होतो.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात एवढे आहे. घेताना अशी वस्तू घ्या जी सुटी होते, जोडली जाते आणि सुताराला किंवा वेल्डरला दुरुस्त करता येते. लग्नातला सेट बंद करा. भाडेकरार लिहून घ्या. घर सोडताना वस्तू आधी स्वतःच्या घरातच उपयोगाच्या एकेक पायरीने उतरवा. मग बरोबरीच्या माणसाला बरोबरीने विका किंवा द्या. आणि ज्याचे खरोखरच काही होण्यासारखे नाही ते स्वतःच्या हाताने सुटे करून, खिळे काढून, घंटागाडीपर्यंत स्वतः नेऊन ठेवा. ते उचलणाऱ्या माणसाचा हात कापू नये एवढी काळजी घ्या. कचरा आपला असेल तर त्याची लाजही आपली असली पाहिजे, ती दुसऱ्याच्या दारात ठेवून येता येत नाही.

येत्या रविवारी आपापल्या विहारात हा विषय काढा. कुणाचे बिऱ्हाड हलणार आहे ते विचारा आणि एक वही घाला, कुणाला काय हवे आणि कुणाकडे काय आहे याची.

जयभीम.